मोंढ्यातले आठ काटे

रात्रीचे दोन. उदगीर, नळेगाव रोड.
डाळमिलची मोटार थांबल्यावर जी शांतता उरते
तिला तुरीच्या भुशाचा वास असतो.
टेबलावर तळव्याएवढं नेटवर्क कार्ड,
त्याला बाहेर पडायच्या आठ वाटा,
आणि मी लिहिलेल्या ड्रायव्हरला कुलूप एकच.

सोळा कोअर त्या एका कुलपाशी येतात.
किल्ली ज्याच्या हाती, तो आपलं पॅकेट टाकतो;
पंधराजण जागच्या जागी गरगरतात,
काम काही नाही, नुसते तापतात.
सात वाटांवर धूळ.

हे मी पाहिलंय.
मोंढ्यात काटे आठ झाले त्या वर्षी
पावतीपुस्तक एकच राहिलं होतं,
मैनोद्दीनचाचांच्या खिशात.
ट्रॅक्टरांची शेपटी पार फाट्यापर्यंत,
आणि सात काट्यांवर हमाल
पाय सोडून तंबाखू मळत बसलेले.

तर कुलूप फोडलं, आठ केली.
ज्याच्या त्याच्या रांगेला आपलं, लहानसं.
मग जी रांग मोकळी दिसेल तिच्यात
हातातलं पॅकेट टाकत गेलो.
न्याय वाटला होता तो मला.

आकडा असा उडाला की मी उठून चहा ठेवला.
चहा उतू जायच्या आत आकडा खाली.
तिसरं पॅकेट दुसऱ्याच्या आधी पोचत होतं.
पलीकडचं यंत्र धरून चालायचं, दुसरं हरवलंच,
आणि पुन्हा मागायचं.
जे हरवलंच नव्हतं ते मी दोनदा पाठवत होतो.

सकाळी चाचांना गाठलं.
"एका घरचे तीन ट्रॅक्टर आले की कुठं लावायचात?"
"एकाच काट्यावर की.
दुसरा रिकामा असला तरी बी.
न्हाईतर मागचा पुढं निघतो, पट्टी जुळत न्हाई,
आन् रातच्याला शिवलिंगप्पा अडत्या माझ्या दारात."

नाव, गाव, माल, अडत्या:
चार गोष्टी विचारून ते बोटांवर काहीतरी मोजायचे.
मी हा पत्ता, तो पत्ता, हे पोर्ट, ते पोर्ट,
चार आकडे एकत्र दळतो, आठानं भागतो,
बाकी उरते ती रांग.
एका बोलण्याची वाट एकच, शेवटपर्यंत.

पुढचं काम बारीक, त्यातच आठवडा गेला.
चौथी रांग भरली की मी सगळं कार्डच थांबवत होतो.
जुनी सवय. वाट एक होती तेव्हा बरोबरच होतं ते.
"फाटक कामून लावलालास?" चाचा म्हणाले.
"चौथ्याला लाल फडकं बांध. माल उतरला की सोड."

सोड, हे एकदा विसरलो.
सात रांगा वाहत होत्या, आलेख छान दिसत होता,
कुणाच्या ध्यानातही आलं नाही.
आठांतला एकजण फक्त
बोलता बोलता गप्प झाला.

नांदेडहून सुमेधा बनसोडेंनी कोड तपासला.
एकच ओळ लिहिली:
ज्या कार्डांना वाटच एक, त्यांच्यावर हे ओझं का?
मग त्यांच्यासाठी आठाच्या जागी एक ठेवला.
एकानं काहीही भागा, बाकी शून्य.
रांग शून्य, कायमची.
मोंढा बदललाय, हे त्यांना कळायचंही नाही.

एक राहिलंच.
दोन मोठी घरं कधी कधी एकाच बाकीची निघतात.
पाचवा काटा पहाटेपर्यंत वाकलेला,
शेजारचा सहावा मोकळा,
आणि गाडी हलवावी तर पुन्हा तोच घोळ.
काय करायचात तुम्ही, मी विचारलं.

चाचा हसले नाहीत.
"लोकं चिडायचे.
मी पाणी न्हेऊन द्यायचो."